वाचकांचे प्रश्न : घराणे बुडाले, गावचा मांड राहिला

मागील अंकात रणमाले या आपल्याकडच्या लोकनाट्यासंबंधीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना जपानमधील ‘क्योगेन’ या विनोदी नाट्यप्रकाराचा मी ओझरता उल्लेख केला होता. त्यावर गोव्याच्या निरनिराळ्या भागांतून पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांतील प्रश्न संक्षेपाने देऊन त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त जपानमधील यामागुची शहरात असतो. तिथल्या स्थानिक मंडळींनी केलेले एक जुने विनोदी नाटक त्याने पाहिले. ते ‘सागी’ नावाच्या घराण्याचे असून ते घराणे शंभरेक वर्षांपूर्वीच संपले, असे त्याला सांगण्यात आले. घराणेच संपले असेल, तर त्याचे नाटक आज कसे होते?
— एक वाचक, साखळी

उत्तर : आपल्या भाच्याला मिळालेली माहिती बरोबर आहे. क्योगेन म्हणजे ‘नोह’ या संथ, गंभीर आणि मुखवट्यांच्या नाट्याचा जोडीदार. चौदाव्या शतकापासून हे दोन्ही प्रकार एकाच रंगमंचावर आलटूनपालटून होत आले आहेत. नोहमध्ये देव, योद्धे आणि अतृप्त आत्मे येतात. क्योगेनमध्ये मात्र कामचुकार नोकर, कंजूष धनी, भोंदू बैरागी, नवऱ्याला धारेवर धरणारी बायको अशी आपल्या आळीत भेटणारी माणसे येतात. रंगमंचावर येणारे पहिले पात्र बहुधा ‘मी या इथल्याच भागातला माणूस’ एवढीच स्वतःची ओळख करून देते, आणि या एका वाक्यात क्योगेनचा सगळा स्वभाव आला आहे, असे मला वाटते. नोह आणि क्योगेन यांना मिळून युनेस्कोने २००१ मध्ये मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवले आणि २००८ मध्ये त्यांचा समावेश आपल्या प्रातिनिधिक यादीत केला.

तोकुगावा राजवटीत क्योगेनची ओकुरा, सागी आणि इझुमी अशी तीन घराणी नांदत होती. त्यांतील सागी घराण्यावर खुद्द शोगुनांची, म्हणजे जपानच्या लष्करी शासकांची, कृपा होती. त्याला तनखा होता, मान होता, दरबारी प्रयोगांची हमी होती. १८६८ मध्ये ती राजवट कोसळली आणि तनखे बंद झाले. ओकुरा आणि इझुमी या घराण्यांनी कसाबसा तग धरला. सागी घराण्याच्या शेवटच्या प्रमुखाचे १८९५ मध्ये निधन झाले आणि पुढे व्यावसायिक रंगभूमीवरून त्याचे नावच पुसले गेले. आज तोक्यो किंवा क्योतो येथे व्यावसायिक क्योगेन पाहावयास गेल्यास ओकुरा आणि इझुमी या दोनच घराण्यांचे नट भेटतात.

असे असले तरी, राजधानीत जे बुडाले ते दूरच्या गावांत राहिले. चोशू संस्थानाच्या पदरी असलेला सागी घराण्याचा एक नट संस्थान गेल्यावर यामागुचीत येऊन स्थायिक झाला आणि त्याने तिथल्या हौशी मंडळींना आपली नाटके शिकवली. त्यांनी ती पुढच्या पिढीला दिली, आणि तीच परंपरा आपल्या भाच्याने पाहिली. सागी घराण्याची दुसरी शाखा सादो बेटावर आहे. नोहचे आद्य आचार्य झेआमी यांना १४३४ मध्ये याच बेटावर हद्दपार करण्यात आले होते, आणि तिथे देवळांच्या आवारांतील तीसहून अधिक नोह-रंगमंच आजही उभे आहेत. तिसरी शाखा क्युशू बेटावर, सागा प्रांतातील कान्झाकी येथे ताकाशी देवस्थानाच्या आश्रयाने टिकली आहे. (सागा हे प्रांताचे नाव आहे आणि सागी हे घराण्याचे, त्यांचा परस्परांशी संबंध नाही.)

यांतील कोणाचाही चरितार्थ नाटकावर चालत नव्हता, आणि मला हीच गोष्ट निर्णायक वाटते. दरबारचे घराणे तनख्याच्या आधारावर उभे होते, म्हणून तनखा गेल्याबरोबर ते कोसळले. गावकरी दिवसभर आपापला व्यवसाय करीत आणि उत्सव जवळ आला की संध्याकाळी तालमीला जमत. सरकार बदलले तरी त्यांच्या देवाची तिथी बदलली नाही. गोव्यात पोर्तुगीज राजवटीच्या कडक काळातही ज्या खेळांनी मांड (गावची खेळाची पवित्र जागा) सोडला नाही, त्यांच्या टिकण्यामागेही मला हेच कारण दिसते.

प्रश्न : आमच्याकडच्या दशावतारात संकासुर हसवतो. क्योगेनचा विनोद तसाच असतो का? आपल्या माणसांना तो कळेल का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : कळेल, आणि त्यासाठी जपानी भाषा येण्याचीही फारशी गरज पडणार नाही. ‘बुसू’ नावाचे एक क्योगेन सांगतो, म्हणजे आपल्याला अंदाज येईल. धनी बाहेरगावी निघतो. जाताना तो तारो काजा आणि जिरो काजा या दोन नोकरांना एक पिंप दाखवतो आणि बजावतो की आत बुसू नावाचे जहाल विष आहे, त्यावरून येणारा वारा अंगाला लागला तरी माणूस मरतो. धन्याची पाठ फिरते. दोघेही पंख्याने समोरचा वारा उलटवीत, एकेक पाऊल पुढे टाकीत पिंपापर्यंत पोहोचतात, झाकण उघडतात, आणि तारो काजा बोटाने चाटून पाहतो. आत साखर असते! मग काय, पिंप रिकामे होते. आता धन्याला सांगायचे काय? तारो काजा शक्कल काढतो. दोघे मिळून धन्याच्या आवडीचे चित्र फाडतात, मौल्यवान चहाचा वाडगा फोडतात आणि धनी परतताच गळा काढून रडू लागतात : ‘आम्ही झोप येऊ नये म्हणून कुस्ती खेळत होतो, त्यात आपल्या वस्तू मोडल्या, आता तोंड कसे दाखवावे म्हणून मरण्यासाठी बुसू खाल्ले, एक घास खाल्ला तरी मेलो नाही, दोन घास खाल्ले तरी मेलो नाही...’ शेवटी धनी त्यांच्या मागे धावत सुटतो आणि खेळ संपतो.

मात्र या प्रसंगात रंगमंचावर खरे चित्र नसते आणि खरा वाडगाही नसतो. नट हाताने हावभाव करतो आणि आवाज स्वतःच्या तोंडाने काढतो. चित्र फाटते ते ‘सारारी सारारी, बास्सारी’ असे. दार सरकून बंद होते ते ‘सारा सारा सारा, पात्तारी’ असे. साके हे मद्य ओतले जाते ते ‘दोबू दोबू’ असे. हातातला एक पंखा कधी प्याला होतो, कधी करवत होतो. दशावताराच्या प्रेक्षकाला हे परके वाटणार नाही. बाकड्यावर बसलेला राजा राजवाड्यात आहे आणि त्या बाकड्याला एक फेरी मारली की तो अरण्यात पोहोचला, हे आपण लहानपणापासून मानत आलो आहोत.

संकासुराशी क्योगेनचे साम्य आहे ते भाषेच्या बाबतीत. आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव ही पात्रे आपापल्या मानाने येतात. वेद चोरणारा संकासुर मात्र काळ्या वेषात, तांबडी लांब जीभ लोंबवीत येतो आणि गावच्या बोलीत बोलू लागतो. लहानपणी जत्रेच्या रात्री त्या जिभेला घाबरून मी आजीच्या लुगड्याचा पदर तोंडावर ओढून घेत असे. तो गावातल्या कोणाचे तरी नाव घेऊन काही बोले, सगळा मांड हसू लागे आणि मग मीही पदरातून एक डोळा बाहेर काढीत असे. दुसऱ्या दिवशी विहिरीवर आम्ही मुले पंच्याची जीभ लावून तोच संकासुर करीत होतो. आम्हाला कोणी शिकवले नव्हते, तरी सगळी वाक्ये पाठ झालेली असत.

फरक एवढाच की संकासुराचे बोलणे त्या त्या रात्री सुचलेले असते, तर क्योगेनचा शब्द न् शब्द आज ठरलेला आहे. पूर्वी तसे नव्हते. क्योगेनचा सर्वांत जुना ज्ञात संग्रह १५७८ चा असून त्यात कथानकांच्या केवळ रूपरेषा आहेत. संवाद नट आयत्या वेळी रचीत. ओकुरा तोराआकी याने १६४२ मध्ये नाटकांच्या संपूर्ण संहिता लिहून काढल्या आणि तेव्हापासून बोलणे हळूहळू पक्के होत गेले.

एक गोष्ट मात्र मला येथे कळकळीने लिहिली पाहिजे. अलीकडे अनेक ठिकाणी आडदशावतार अगदी आटोपता घेतला जातो, कारण प्रेक्षकांना मुख्य आख्यान आणि त्यातील चमत्कारदृश्ये लवकर हवी असतात. वेळ कमी पडला की आधी विनोदाला कात्री लागते, कारण तो कथेला आवश्यक नाही असा समज असतो. नोहच्या दोन गंभीर नाटकांच्या मध्ये क्योगेन असलेच पाहिजे, हा दंडक जपानी लोकांनी सहाशे वर्षे पाळला. संकासुराला त्याची पुरी अर्धी घटका मिळाली पाहिजे, असा आग्रह पेडण्यातल्या देवस्थान समित्यांनी धरला, तर दशावतारी मंडळ्या तो नक्की मानतील.

प्रश्न : आमच्या वाड्यावरच्या रणमाल्यात आता सातच माणसे उरली असून त्यांतील चौघे साठीच्या पुढचे आहेत. मुले येत नाहीत. आली तर जुने शब्द कळत नाहीत म्हणून लाजतात. सगळ्या खेळाचे एकदा चित्रीकरण करून ठेवावे आणि त्यावर समाधान मानावे, असे काही जण म्हणतात. आपले मत काय?
— एक वाचक, वाळपई परिसर

उत्तर : चित्रीकरण अवश्य करावे, पण त्यावर समाधान मानू नये. ध्वनिचित्रफितीवरून चाल कळते, पावले कळतात, वेष कळतो; परंतु घुमट (मातीचे चर्मवाद्य) आणि कासाळे (झांजा) वाजत असताना गाणे नेमके कुठे उचलायचे आणि सोंगाने प्रेक्षकाचे हसू ओसरेपर्यंत किती थांबायचे, हे शेजारी उभे राहिल्याशिवाय अंगात येत नाही. विनोदात तर थांबणे हेच सर्वांत अवघड असते.

मुलांच्या प्रश्नावर मी आपल्याला यामागाता प्रांतातील कुरोकावा या गावाचे उदाहरण देतो. त्सुरुओका शहराच्या हद्दीतील या शेतकऱ्यांच्या गावात कासुगा देवस्थानाच्या भक्तांनी सुमारे पाचशे वर्षे नोह आणि क्योगेन चालवले आहे. गावाची वरची आणि खालची अशी दोन मंडळे आहेत. १ फेब्रुवारीच्या रात्री, बाहेर बर्फ पडत असताना, त्या वर्षीच्या मानकऱ्याच्या घरी देवाला आणले जाते आणि मोठ्या मेणबत्त्यांच्या उजेडात रात्रभर पाच नोह आणि चार क्योगेन होतात. जमलेल्यांना काडीला टोचून भाजलेला तोफू दिला जातो. या रात्रीचा आरंभ कोण करते? चार-पाच वर्षांचे एक मूल. भरजरी वेष घातलेले ते लेकरू एकटे पुढे येते, जमिनीवर पाय आपटून भूमी शांत करण्याचा विधी करते आणि न समजणारे लांबलचक मंत्रवजा शब्द खणखणीत आवाजात म्हणते. सगळे गाव श्वास रोखून त्याच्याकडे पाहत असते. त्या मुलाला शब्दांचा अर्थ कळत नाही, म्हणून कोणाचे काही अडत नाही.

व्यावसायिक क्योगेनमध्येही हीच रीत आहे. ‘माकडापासून आरंभ, कोल्ह्यावर शेवट’ अशी तिथे म्हण आहे. नटाचे मूल तीन-चार वर्षांचे झाले की ‘उत्सुबोझारू’ या नाटकात माकडाचा वेष घालून पहिल्यांदा रंगमंचावर येते आणि कित्येक वर्षांनी, सगळी विद्या पचल्यावर, ‘त्सुरिगित्सुने’ मधला म्हातारा कोल्हा करते. माकडाला बोलायचे नसते. खाजवायचे, कोलांट्या मारायच्या, ओरडायचे. नाटकात एका सरदाराला आपल्या बाणांच्या भात्यावर चढवण्यासाठी त्या माकडाचे कातडे हवे असते. माकडवाला नाइलाजाने काठी उगारतो, तर ते अजाण पिल्लू ती काठी हिसकावून घेते आणि शिकवल्याप्रमाणे होडी वल्हवण्याची नक्कल करू लागते. माकडवाला रडतो, सरदारही रडतो आणि कातड्याचा हट्ट सोडून माकडाबरोबर नाचू लागतो. मूल इतके लहान असताना आपल्या नुसत्या असण्याने शंभर माणसांना रडवते आणि हसवते. त्याची लाज तिथेच मोडते.

म्हणून मला असे सुचवावेसे वाटते की दहावीतल्या मुलाला बोलावून संपूर्ण जत, म्हणजे रणमाल्यातील गाणे, पाठ करावयास लावण्याऐवजी आपण पाच-सहा वर्षांच्या मुलामुलींना या शिमग्यात एक बिनशब्दांचे सोंग द्यावे. वानरसेना तर रामकथेत आयतीच आहे. शब्द मागाहून येतील. वडीलधाऱ्यांनी मात्र त्या मुलाची चूक मांडावर दुरुस्त करू नये. ती दुसऱ्या दिवशी घरी सांगावी.

जुन्या शब्दांविषयी दोन मार्ग दिसतात आणि जपानमध्ये दोन्ही वापरात आहेत. क्योगेनने आपली जुनी बोली तशीच ठेवली. ‘निवाका’ नावाचा दुसरा एक विनोदी प्रकार आहे, ज्याच्या नावाचाच अर्थ ‘अचानक’ असा आहे; गिफू प्रांतातील मिनो गावी एप्रिलच्या उत्सवात वाड्यावाड्यांची मंडळे रात्री रस्त्यावर छोटी प्रहसने करतात, दरवर्षी नवी रचतात आणि शेवटी एका श्लेषावर खेळ संपवतात. तिथे ताज्या घटना नसतील तर प्रेक्षक नाराज होतात. आता रणमाल्याकडे पाहिले, तर त्यात हे दोन्ही अंश एकत्र नांदताना दिसतात. नमन आणि जती हा ठरलेला भाग आहे. मधली सोंगे हा मोकळा भाग आहे. माझे मत असे की ठरलेल्या भागातील एकही शब्द मुलांच्या सोयीसाठी बदलू नये आणि मोकळा भाग मुलांच्याच हाती सोपवावा. आज पुष्कळ ठिकाणी याच्या उलट घडताना मी पाहिले आहे : गाण्यांना सिनेमाच्या चाली लावल्या जातात आणि सोंगे मात्र तीस वर्षांपूर्वीच्या, आज कोणालाच न आठवणाऱ्या प्रसंगांवर अडून राहतात.

वाद्यांविषयी आपण विचारले नसले तरी एक गोष्ट जोडतो. घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाल्यावर हे वाद्यच संपेल अशी भीती होती. पण कारागिरांनी बकऱ्याच्या कातड्याचा मार्ग काढला आणि २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसा-वाद्याचा दर्जा दिला. नादात फरक पडला, हे जुनी माणसे सांगतात आणि ते खरेही आहे. तरीही घोरपड वाचली आणि घुमटही वाजते आहे, याचा मला मनापासून आनंद होतो. परंपरेत कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, याचा विचार करताना हे उदाहरण आपल्या मंडळींपुढे जरूर ठेवावे.

प्रश्न : आमच्या मंडळाला एका महोत्सवात सभागृहात प्रयोग करण्याचे आमंत्रण आले आहे. वेळ वीस मिनिटांची असून तारीख नेमकी आमच्या गावच्या उत्सवाचीच आहे. मानधन चांगले आहे. जावे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : सभागृहात जाण्याला माझा मुळीच विरोध नाही. कुरोकावाची मंडळेही आपल्या गावाबाहेर प्रयोग करतात. गोव्यात कला अकादमी आणि रवींद्र भवने यांच्यामुळे अनेक लोककला प्रथमच तालुक्याबाहेर पोहोचल्या, हेही मान्य केले पाहिजे. प्रश्न आहे तो तारखेचा.

क्योतो येथील मिबू देवळातील क्योगेन मला या संदर्भात फार आठवते. नाव क्योगेनच असले, तरी हे मूकनाट्य आहे. एन्गाकू या भिक्षूने सुमारे १३०० साली, मोठ्या जमावाला बुद्धाचा उपदेश आवाजाने पोहोचेना म्हणून, हावभावांनी शिकवण्यासाठी ते सुरू केले, असे तिथे मानतात. मुखवटे घातलेले नट एक शब्द बोलत नाहीत. साथीला घंटा, ढोल आणि बासरी एवढेच. घंटा आणि ढोल यांच्या नादावरून क्योतोचे लोक त्याला प्रेमाने ‘कान्देन्देन’ म्हणतात. नट म्हणजे त्या परिसरातील सामान्य नोकरदार, दुकानदार आणि शाळकरी मुले. जपान सरकारने १९७६ मध्ये त्याला महत्त्वाच्या अमूर्त लोकवारशाचा दर्जा दिला.

फेब्रुवारीच्या आरंभी भाविक त्या देवळात भाजलेल्या मातीच्या पसरट थाळ्या विकत घेतात, त्यांवर आपले नाव आणि नवस लिहितात आणि देवळात ठेवून जातात. वसंतातल्या प्रयोगांत ‘होराकुवारी’ नावाचा खेळ असतो. त्यात त्या सगळ्या थाळ्या उंच रंगमंचाच्या कडेवर रचलेल्या असतात, आणि खेळाच्या शेवटी नट त्या ढकलून खाली पाडतो. शेकडो थाळ्या एकदम फुटतात, धुळीचा लोट उठतो. थाळी फुटली की त्या माणसाची वर्षाची पीडा गेली, अशी श्रद्धा आहे. ज्याने फेब्रुवारीत आपल्या आजारी आईचे नाव लिहून थाळी ठेवली, तो माणूस वसंतात आपली थाळी फुटलेली पाहायला येतोच. हा खेळ त्या दिवशी त्या जागी झाला नाही, तर नवस फेडायचा राहतो.

आपल्या गावच्या उत्सवातही कोणी नारळ ठेवला असेल, कोणी सोंग देण्याचा नवस बोलला असेल, कोणी लेकीला माहेरी आणले असेल. तेव्हा महोत्सवाच्या आयोजकांना आपण नम्रपणे पत्र लिहून दुसरी तारीख मागावी, आणि वीस मिनिटांऐवजी चाळीस मिनिटे मिळतात का तेही विचारावे. मिळाली नाहीत, तर आख्यानाचा एकच प्रवेश घ्यावा, पण त्यातले सोंग कापू नये. तारीख बदलून मिळत नसेल, तर यंदा आमंत्रण नाकारावे आणि मंडळातल्या सर्वांनी गावातच राहावे. पत्रात पुढच्या वर्षीच्या उत्सवाची तिथी आताच कळवून ठेवावी, म्हणजे आयोजकांना त्यांची तारीख ठरवताना ती समोर असेल.